एक कुलूप जास्त

३ मार्च
गॅसचा पुरवठा सुरळीत झाल्याचं सकाळी खुद्द मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, त्यामुळे नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. निम्म्या शहराची वीज आमच्या एका टर्बाइनवर आहे. फोरमनला सगळे मामा म्हणतात. त्यांनी मला लाल कुलूप दिलं, वर माझ्या नावाची चिकटपट्टी. दुरुस्तीला मशीनच्या आत शिरणाऱ्यानं आपलं कुलूप चालू करायच्या खटक्याला लावायचं. शेवटचं निघेपर्यंत मशीन सुरू होत नाही. किल्ली बायकोसारखी जपा, म्हणाले. लग्न झालेलं नाही म्हटल्यावर म्हणाले, मग निदान किल्ली तरी सांभाळा. हजेरीत नाव महिन्यानं लागेल.

११ मार्च
दुरुस्तीसाठी मशीन बंद होतं. सगळे बाहेर आले, हजेरी जुळली, तरी एक कुलूप उरलं. त्यावर नाव नाही. ताईचं अपुऱ्या दिवसांचं बाळ इस्पितळात काचेच्या पेटीत आहे. तिथल्या जनरेटरचं डिझेल संपत आलंय म्हणून दाजींचे फोनवर फोन. मामा म्हणाले, आत पुन्हा बघून येऊ. साहेब म्हणाले, कुणीतरी विसरलं असेल, तोडा. मामांनी कटर खाली ठेवला.
मी उचलला.
बाळ सुखरूप आहे.

१२ मार्च
मशीन झकास चाललंय. फक्त आवाजात मधूनच ठोके येतात. तीन, मग शांतता, मग तीन. मामांना विचारलं. मला नाही बुवा ऐकू येत, म्हणाले, मी काही तोडलं नव्हतं.

१९ मार्च
ठेकेदार येऊन गेला. त्याचा रंगारी अकरा तारखेपासून घरी परतलेला नाही. ठेकेदाराची माणसं आमच्या हजेरीत नसतात. साहेबांनी चहा पाजून वाटेला लावलं. कप मी विसळले. ठोके थांबत नाहीत.

२६ मार्च
मशीन बंद आहे. मामा रजेवर. कुणाला न सांगता कुलूप लावलं आणि मशीनच्या धुराड्याकडच्या बोगद्यात शिरलो. बघायचंच होतं.
भिंतीच्या कडेला ब्रशची पत्र्याची पट्टी. काळवंडलेली किल्ली.
आणि माझ्या बाहीला चिकटलेलं माझंच नाव — कुलपावरून निघालेलं —

बोगद्याचं झाकण बाहेरून बंद झालंय. हाका मारल्या. पोलाद जाड आहे. मोबाइल लागत नाही.
हजेरी जुळली असेल. मी हजेरीत नाही.
किल्लीनं ठोकतोय. तीन. थांबून तीन. ऐकायला कोण —
बाळ अजून पेटीतच आहे. दाजी फोन करत असतील. साहेब थांबणार नाहीत.
मशीन सुरू करताना आधी आत नुसती हवा सोडतात. मग आग.
वहीची पानं फडफडायला