डाव्या हाताचे कुलकुल

१ डिसेंबर, सोमवार

काल आगमनकाळाचा पहिला रविवार. मिस्सा परत चुकली. सेलिनला उठवून, तोंड धुवून, गाऊन बदलून खुर्चीत बसवेपर्यंत लोक चर्चमधून घरी परतत होते. (यापुढे नुसतं से. लिहितो. हात दुखतो.)

संध्याकाळी ग्लेडिसचा वसईहून फोन. बावीसला येणार, नवरा नेल्सन आणि मुलगी रिया, सगळे. “पप्पा, तुम्ही यंदा काही करत बसू नका. कुलकुल, नेवऱ्या, नाताळचं सगळं गोड इथून विकत आणते.”

फोन स्पीकरवर होता. खुर्चीतून से. म्हणाली, “नको.”

सप्टेंबरात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तिच्याकडे तीन शब्द राहिलेत. हां, नको, बघ. पैकी ‘नको’ ठणठणीत.

“काय नको, मम्मी?”

“नको.”

म्हणजे विकतचं नको. म्हणजे मी करायचं. मी आजवर कुलकुल फक्त खाल्लेत.

४ डिसेंबर, गुरुवार

कंबर धरली आहे. आंघोळीच्या वेळी तिला स्टुलावरून उचलताना उसण भरली. तिला कळू दिलं नाही, पण कळलं असणार. ती आता सगळं बघते, बोलत नाही एवढंच.

दुपारी हमीदाभाभी आल्या. दगडी गडग्यापलीकडचं घर. रोज येतात, से.ची वेणी घालतात, गावभरच्या बातम्या सांगतात. से. प्रत्येक बातमीला हां म्हणते. तेवढ्यात मी मिरकरवाडा बंदरावर जाऊन आलो. एका ट्रॉलरचं मशीन धूर टाकत होतं, तांडेलाने निरोप पाठवलेला. आता काम घेत नाही म्हणून सांगायला गेलो आणि बाही सरकवून आत वाकलो. नोझल चोंदलेलं. हाताला डिझेलचा वास लागला तेव्हा बरं वाटलं. मग बर्फाच्या गाडीशी चहा घेतला. मग उगाच बसलो. पाणी बघत.

घरी आलो तर भाभींचं तोंड उतरलेलं. से.चं पांघरूण ओलं. भाभींना बदलू देत नव्हती. मी बदललं. तिने तोंड भिंतीकडे केलं होतं ते जेवणापर्यंत तसंच.

 

९ डिसेंबर, मंगळवार

फिजिओवाला मुलगा गेल्या आठवड्यात एकदाच आला. देवरूखहून बाईकने येतो, त्याला तरी किती ओढायचं. “काका, रोज व्यायाम झाला तरच फरक पडेल.” मी हो म्हणतो. रोज करतोही. म्हणजे सुरू करतो. तिचा हात वर नेतो, खाली आणतो, मध्येच चुलीवरचं आठवतं, दारावर कोणी येतं, नाहीतर तीच कंटाळून नको म्हणते. मला तेवढंच हवं असतं.

नाताळच्या चांदणीचा सांगाडा माळ्यावरून काढला. बांबूच्या काड्या ठीक आहेत. कागद नवा आणला पाहिजे. बघू.

१३ डिसेंबर, शनिवार

कुलकुल.

मैदा, नारळाचं दूध, अंडं, साखर. प्रमाण कुणाला विचारणार. भांडं से.च्या पुढ्यात धरलं. तिने डावं बोट पिठात खुपसलं, “नको.” आणखी मैदा. “नको.” आणखी. “हां.”

टेबल तिच्या खुर्चीशी लावलं. नव्या कंगव्यावर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची, मग त्यावर रेघा उठतात आणि शिंपला होतो. हे मला बघून बघून माहीत. माझ्या बोटांना नटबोल्ट समजतात, पीठ समजत नाही. माझे सगळे चेपटलेले. से. एकेक उचलून बाजूला सारत होती. “बघ.” डाव्या हाताने स्वतः करून दाखवायची. तिचेही वाकडे. उजवा हात मांडीवर पडलेला, त्याच्याकडे तिने एकदा असं बघितलं की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

परत माझा बाजूला सारला. परत “बघ”. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, मी कंगवा आपटला. म्हणालो, “मग तूच कर.”

ती करायला लागली. एकटी. गोळी निसटायची, परत धरायची. मी ओटीवर जाऊन उभा राहिलो. आंब्याला मोहोर आलाय, त्यावर माश्या घोंघावत होत्या.

हमीदाभाभींनी गडग्यावरून पाहिलं. काही न विचारता आल्या, हात धुतले, से.च्या शेजारी बसल्या. त्यांचे कुलकुल पहिल्यापासून सुबक. ईदला असलंच काहीतरी वळतात म्हणे. मी तळायला बसलो. तळणं जमलं.

डबा अर्धा भरला. से.चे वेगळे ओळखू येतात.

१५ डिसेंबर, सोमवार

ताटात माती घालून नाचणी पेरली, नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यातल्या शेतासाठी. दरवर्षी ती पेरते. चिऱ्याचे तुकडे आणून ठेवले, डोंगर करायला. मेंढ्यांपैकी एकीचा पाय तुटलाय. चिकटवायचा कंटाळा आला, बसवून ठेवीन.

डुकराच्या मटणाचं सोरपोतेल यंदा नाही. तसं सगळ्यांना सांगून टाकलं.

१७ डिसेंबर, बुधवार

दुपारी ग्लेडिसचा फोन. “पप्पा, स्पीकर बंद करा. बाहेर जा.”

ओटीवर गेलो.

तिचं आणि तिच्या भावाचं, रॉनीचं, बोलणं झालंय. रॉनीला यंदाही दोह्याहून सुट्टी नाही. दोघांनी ठरवलं, नाताळ झाला की मम्मीला वसईला न्यायचं. बिल्डिंगच्या मागेच फिजिओचं सेंटर आहे, बोलणं शिकवणारी बाईसुद्धा आहे तिथे. “पहिले सहा महिनेच महत्त्वाचे असतात, पप्पा. तिथे घरी तुमच्याच्याने नाही होत.” रियाची खोली देणार. एक पलंग मावतो.

“आणि मी?”

“तुम्ही येत-जात राहा ना. घर बंद ठेवून कसं चालेल? आणि तुम्हालाही जरा विश्रांती. आवाज ऐका तुमचा.”

फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं.

लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. दुःख नाही झालं. रागही नाही. पाठीवरून पोतं उतरवावं तसं. आत गेलो, से. झोपली होती, मीही शेजारच्या खाटेवर पडलो आणि मेल्यासारखा झोपलो. दिवस मावळताना उठलो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

तिला सांगितलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

नाताळापूर्वीच्या कुमसाराला गेलो. रांग छोटी. फादर तरुण आहेत, याच वर्षी आलेत. नेहमीची पापं सांगून झाली, मग म्हणालो, “फादर, बायको जाणार म्हणून मला बरं वाटलं.”

त्यांना वाटलं मरणार. समजावून सांगितलं.

मग म्हणाले, “हे पाप नाही, अंकल. हा थकवा आहे.”

पाप असतं तर बरं झालं असतं. त्याला प्रायश्चित्त सांगतात, गुडघे टेकून प्रार्थना म्हणून टाकल्या की संपलं. थकव्याचं काय करायचं ते फादरनी सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसणार.

२२ डिसेंबर, सोमवार

आले. गाडीतून खोके, पिशव्या, केक, रियाची गिटार. ग्लेडिसने दारातच चप्पल काढली आणि पदर खोचून कामाला लागली, अगदी आईसारखी. जेवायच्या आत जाळी काढली, पडदे बदलले, से.ची नखं कापली. मला म्हणाली, “पप्पा, तुम्ही बसा.”

बसलो. बसून काय करायचं ते विसरलोय. दोनदा उठून आत गेलो, औषधाची वेळ झाली म्हणून. औषध दिलेलं होतं.

रियाने आजीचे वाकडे कुलकुल शोधून शोधून खाल्ले. म्हणते तेच जास्त कुरकुरीत आहेत.

२४ डिसेंबर, बुधवार

चांदणी लागली. नेल्सनने कागद चिकटवला, वायर मी ओढली. गोठाही झाला. नाचणी बोटभर वर आलीय.

दुपारपासून दोदोल. अंगणात तीन दगडांवर मोठी कढई, तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचा काळा गूळ. सतत ढवळावं लागतं, नाहीतर बुडाला लागतं. ग्लेडिस, मग नेल्सन, मग मी, मग भाभींचा नवरा युसूफभाई, तेही लुंगी वर करून. से.ला खुर्चीसकट अंगणात आणलेलं. धूर तिच्याकडे गेला की ती डाव्या हाताने हाकलायची आणि कोणी थांबला की “बघ”. युसूफभाई म्हणाले, “ही बोटीवर असती तर आम्हा सगळ्यांना पाण्यात ढकललं असतं.” से. हसली. ओठ एका बाजूनेच हसतो. पण हसली. कितीतरी दिवसांनी.

मग ग्लेडिसच्या मावशीकडची मंडळी भेटायला आली. ग्लेडिस ढवळता ढवळता त्यांना सांगते, “मम्मीला आम्ही घेऊन जातोय ना, सोमवारी. आता तिकडेच.” से. तिच्यापासून हातभर अंतरावर. जणू खुर्चीत कोणी नाही.

मी कढईकडे बघत राहिलो. नंतर तिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. ग्लेडिसकडे नाही.

रात्री जेवली नाही. “नको.” ग्लेडिस म्हणाली, धुराचा त्रास झाला असेल.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ.

सकाळच्या मिस्सेला सगळे गेलो. से. नव्या निळ्या साडीत, नेल्सनने खुर्ची पायऱ्यांवरून उचलून घेतली. लोक येऊन तिचा हात हातात घेत होते. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना सुरू झाली आणि शेजारून तिचा आवाज आला. अख्खी प्रार्थना म्हटली तिने, शब्दन् शब्द, आमेनपर्यंत. ग्लेडिस रडायला लागली. मागच्या बाकावरची बाई म्हणाली चमत्कार.

डॉक्टर मला मागेच बोलले होते. पाठ असलेलं असं निघतं, ते बोलणं नव्हे. घरी आल्यावर तिला तहान लागली होती तर गिलासाकडे बोट दाखवून नुसती ‘बघ, बघ’. पाणी मागता येत नाही आणि बापाशी बोलता येतं. मला देवाचा राग आला. आजच्या दिवशी.

दुपारी पंगत. चिकन शाकुती, तांदळाच्या सान्ना, पुलाव, हमीदाभाभींकडून सुरमई. आम्ही त्यांच्याकडे आणि वरच्या आळीत गोडाची ताटं पाठवली, रिया घेऊन गेली. घर भरलेलं होतं. रॉनीचा व्हिडीओ कॉल आला, फोन हातोहात फिरला. त्याच्यासमोरच ग्लेडिसने विचारलं, मोठ्याने, लहान मुलाला विचारावं तसं, “मम्मी, आमच्याकडे वसईला येणार ना?”

“हां,” से. म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रॉनीनेही, तिकडे.

मी सान्ना मोडत होतो. मोडतच राहिलो.

२७ डिसेंबर, शनिवार

बॅग पलंगावर उघडी आहे. ग्लेडिस घड्या घालून गाऊन ठेवतेय. गरम कपडे नकोत म्हणाली, वसईला थंडी नसते.

पाणी शेंदत होतो तेव्हा गडग्यापलीकडून भाभी म्हणाल्या, “आग्नेलभाऊ, सेलिनला विचारलंत तुम्ही?”

“हां म्हणाली ती. सगळ्यांसमोर.”

“हां तर ती माझ्या कोंबड्यांनापण म्हणते.”

रहाट तसाच धरून उभा राहिलो.

“जाऊ दे की नको, ते मी सांगत नाय,” भाभी म्हणाल्या. “तिथे बरी होत असेल तर जाऊ दे. पण विचारा.”

विचारायला भीती कसली वाटते? नको म्हणेल याची. आणि खरोखरच हां म्हणेल याचीसुद्धा. दोन्ही.

२८ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी ग्लेडिस, नेल्सन, रिया मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला गेले. मी मुद्दाम थांबलो.

खुर्ची तिच्या समोर ओढली. गुडघ्याला गुडघा. टीव्ही बंद केला. म्हणालो, से., ऐक. सगळं सांगितलं, हळूहळू. सेंटर घरामागेच आहे, बोलणं शिकवणारी बाई आहे, इथे तो मुलगा आठवड्यातून एकदा येतो आणि मला नीट जमत नाही. रियाची खोली आहे, पलंग एकच. मी इथे राहणार, येऊन जाऊन करीन. तिथे तू जास्त बरी होशील असं सगळे म्हणतात, खरंही असेल. तू इथे राहिलीस तर मी आहे, पण मी म्हणजे एवढाच. हे सगळं आधी तुला सांगायला हवं होतं. कढईपाशी ऐकावं लागलं, ते चुकलं.

“तुला काय वाटतं? जायचंय?”

हां म्हणाली नाही. नको म्हणाली नाही. बराच वेळ. बाहेर कावळे बसायला येत होते. मला वाटलं तिला कळलंच नाही, परत सांगावं लागणार, आणि परत सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं.

मग तिने ओठ जुळवले. एकदा नुसती हवा गेली. परत जुळवले.

“तू?”

चौथा शब्द. सप्टेंबरपासून पहिल्यांदा.

मला आधी वाटलं विचारतेय, तू येणार का. मग वाटलं विचारतेय, तुझं जेवणाखाणाचं काय. पण ती ज्या नजरेने बघत होती ती मला ओळखीची आहे, इतक्या वर्षांची. तुला काय पाहिजे, ते विचारत होती.

खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो.

“मी थकलोय गं.”

तिने मान हलवली. डावा हात माझ्या गुडघ्यावर होता तो तसाच ठेवून, एकेक अक्षर जागेवर बसवावं तशी म्हणाली,

“मी पण.”

 अंधार पडत गेला, दिवा लावायला मी उठलो नाही.

मंडळी परत आली. रिया न्हाणीकडे पळाली. ग्लेडिस दारात पायाची वाळू झाडत होती. “अंधारात काय बसलात? बोललात का मम्मीशी?”

“हो.”

“काय म्हणाली?”

“थकलीय म्हणाली.”

“मम्मी? असं म्हणाली?”

“मी पण, असं म्हणाली.”

ग्लेडिसने आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. एक चप्पल पायात, एक हातात, ती तशीच उंबऱ्यावर बसली.