साळिंदराची आई

प्रिय धनश्री,

तू मोबाईलवर पाठवलेलं कार्टून पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते त्या बारक्या पडद्यामुळं, उगाच भलतं समजू नकोस. तू खाली लिहिलं होतंस, आजी, आपला झुंबू सापडला, आता मराठीत आलाय, बाळाला मी हेच दाखवणार. दाखव की. पण आधी मला चार गोष्टी बोलायच्या आहेत. फोनवर बोलले असते, पण तुझ्या आईचं नाव निघालं की तुझी रेंज जाते. दुसऱ्या कुणाच्या नावाला जात नाही. म्हणून हे पत्र. तुझा बाप भागवत सोमवारी नगरला येतोय, त्याच्या हाती देते. आत काय लिहिलंय ते तो विचारणार नाही, तो कधीच काही विचारत नाही. तू मात्र मधेच ठेवून देऊ नकोस.

आधी त्या झुंबूचं. साळिंदराचं पिल्लू, डोक्यावर लाल टोपडं, आणि लाकडाच्या नावेत बसून नदीनं हिंडतंय. अगं, साळिंदर काय चीज आहे ते मला विचार. भुईमुगाचे वाफेच्या वाफे उकरून ठेवायचं. तुझा आजा काठी घेऊन त्याच्या मागं पळायचा, आणि त्याच्याच घरात त्याची नात साळिंदराला देव करून बसली होती. संध्याकाळी ते लागलं की भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा, कालवणात माशी पडली तरी तुला पत्ता नसायचा. मी म्हणायचे, मुडदा बशिवला त्या साळिंदराचा. पण बघायचे मी पण. नदीचं पाणी फार चांगलं काढलं होतं त्यात. टँकरची वाट बघणाऱ्या बाईला एवढं पाणी बसल्या जागी बघायला मिळतंय, तर का सोडा? आणि त्यात मारामारी नव्हती. बेडकांचा बांधावरून वाद, कासवाची रुसलेली सून, असलं काहीतरी असायचं, आणि झुंबू मधे पडून मिटवायचा. अंगभर काटे असून कुणाला टोचायचा नाही. ते मला पटायचं. मला नाही जमलं ते कधी.

आता नावं ठेवते. त्या अख्ख्या कार्टूनात कुणी स्वयंपाक करत नाही. एवढी जनावरं पंगतीला बसतात, पण चूल कुठं दिसत नाही. खरकटं कुणी काढत नाही. नाव कुणी वल्हवत नाही, आपली आपण चालते. कुणाच्या हाताला घट्टा नाही. असलं बघून मोठी झालेली पोरं मग ताट पुढ्यात आलं की ते कुठून आलं हे विचारत नाहीत. पण हे बारीकसारीक झालं. माझी खरी तक्रार पुढं आहे.

तेव्हा ते हिंदीत लागायचं. माझी हिंदी म्हणजे घोडेगावच्या बाजारात बैलाचा भाव करताना कानावर पडलेली, तेवढीच. त्यामुळं गोष्ट तू सांगायचीस. पहिलीतली पोर, पण तोंड तुझं बारा गावचं. माझ्या मांडीला टेकून सांगायचीस, "आजी, त्याची आई ऊस तोडायला गेलीया. पट्टा पडला की यायची हाय. तवर हा नावंत बसून कारखाना हुडकतोय." मी ऐकायचे. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आपल्या गल्लीत दिवाळी झाली की घरं अशीच ओस पडायची. टोळ्या कारखान्यावर जायच्या, हंगाम संपून पट्टा पडला की उन्हाळ्यात परत यायच्या. तवर घरात आम्ही म्हाताऱ्या आणि तुम्ही पोरं. मला वाटलं, मुंबईचे टीव्हीवाले मोठे शहाणे, त्यांना आपल्या टोळ्यांचं ठाऊक आहे. मी मोठ्या तोऱ्यात शेजारच्या भीमाबाईला सांगितलं, टीव्हीत आपली गोष्ट लागते म्हणून. ती आणखी दोघी-तिघींना घेऊन बघायला आली. म्हणाली, "कुठला कारखाना गं? आमचा जावई बी तिकडंच हाय." तू पापणी न हलवता सांगितलंस, "लई लांबचा. नदीच्या पल्याडचा." मग भीमाबाई म्हणाली, "साळिंदरीण ऊस तोडंल व्हय? सगळा खाऊन टाकंल की!" तू अशी फणकारलीस, "मुकादम खाऊ देत न्हाई!" सगळ्या हसून हसून लोळल्या. मीही हसले. वर म्हटलं, पोरीला हिंदी चांगली येतेय.

आणि आता हे मराठीत आलंय, आता मला कुणी सांगायची गरज नाही. पहिल्याच भागात गोष्ट सांगणारी बाई म्हणते, झुंबूला आई नाही आणि बाप नाही, पुरात वाहून आलेल्या नावेत तो सापडला. एवढंच. कुठं ऊस नाही, कारखाना नाही. मी म्हटलं पुढच्या भागात येईल. पुढच्यातही नाही. प्रत्येक भाग संपताना तो नावेत उभा राहून कंदील वर धरतो, आठवतंय? तू सांगायचीस, अंधारात आईला दिसावं म्हणून धरतोय. तसलं काही नाही गं. तो त्या गावच्या जनावरांचा निरोप घेतोय, निघालाय पुढं. मी उठले, कोंबड्या कोंडल्या, परत येऊन बसले, परत मागं नेऊन पाहिलं. मग कोंबड्या खरंच कोंडल्या का ते बघायला पुन्हा उठले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. एवढीशी पोर रोज संध्याकाळी मला नवीन गोष्ट करून सांगत होती, आणि मी टीव्हीकडं बघत होते. पावसाळ्यात आई घरी असली की तू ते कार्टून लावत पण नव्हतीस. तेव्हा तुला झुंबू लागायचा नाही.

आणि ती परत आली की काय करायचीस? कणगीमागं लपायचीस. एकदा ती टेम्पोतून उतरली, उन्हानं काळी ठिक्कर पडलेली, उसाच्या पात्यानं हात चिरलेले. तू माझा पदर धरून मोठ्यानं विचारलंस, "आजी, ही बाई कोण?" तुला माहीत होतं कोण ते. तिनं ऐकलं, आणि गठुडं ठेवून सरळ भांडी घासायला बसली. तुझी आई अशी घुमी. दुसरी असती तर एक धपाटा घातला असता, नाहीतर जवळ ओढलं असतं. हिनं पातेली घासली.

आता माझी तक्रार. झुंबूचं प्रत्येक भांडण अर्ध्या तासात मिटतं. आणि ते मिटवून झालं की तो कुणाकडं राहत नाही, नावेत बसतो आणि पुढच्या गावाला जातो. म्हणून तो सगळ्यांना गोड लागतो. जवळ राहिला असता तर काटे टोचले असते. हे तू त्याच्याकडून बरोबर उचललंस. शाळा झाली की वसतिगृहात गेलीस, मग नगरला दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी, मग ओंकाररावांशी लग्न. चांगलं झालं, माझं काही म्हणणं नाही. पण दर वेळी घरातल्या एका माणसाशी बोलायचं राहिलं की तू पुढं निघालीस. लांबून कंदील हलवायला काय जातं?

आणि आता म्हणतेस बाळंतपण काष्टीला सासरीच करणार. तुझ्या सासूबाई चांगल्या आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. ठेवायला जागा दिसली असती तर ठेवली असती. पण पहिलं बाळंतपण माहेरी असतं, सातव्यात आई जाऊन लेकीला घेऊन येते, हे तुला काय नव्यानं सांगायचं? तू फोनवर म्हणालीस, "आई तेव्हा फडातच असणार. मग काय तिच्या पाचटाच्या कोपीत बाळंत होऊ?" मला ऐकायला कमी येतं म्हणून माझ्या फोनचा आवाज मोठा असतो, धने. तुझी आई समोर बसून मटकी निवडत होती. खडे टाकायचं सोडून मटकीच टाकायला लागली.

तुला माहीत नाही ते आता सांगते. यंदा तिनं भागवतला मुकादमाकडून हंगामाची उचल घेऊ दिलेली नाही. लग्न होऊन आल्यापासून हे पहिलं वर्ष. का, ते तिनं भागवतला सांगितलं नाही आणि तो फुगून बसलाय, कारण बाईशिवाय गडी म्हणजे टोळीत अर्धा कोयता, त्याला कुणी विचारत नाही. कल्याण मुकादम परवा दारात उभा राहून विचारत होता, "वहिनी, तुमचा कोयता धरू का न्हाई? गुरुवारी गाडी भरायची हाय. मला दुसरं जोडपं बघाय लागंल." तर ही म्हणते, "बघू." तो गेल्यावर मी विचारलं, बघू म्हणजे काय? त्यावरही बघूच. पण मागच्या खोलीला तिनं चुना दिलाय. खिडकीची फट बुजवली. माझी जुनी सुती लुगडी मागून घेतली, मी म्हटलं कशाला, तर म्हणते, "असंच." आता जुन्या मऊ लुगड्याचं असंच काय होतं ते बाळंतीण झालेल्या कुठल्याही बाईला विचार. अळीव आणून डब्यात भरलाय, आणि तो डबा माझ्यापासून लपवलाय, जसा काय मी अळीव खाणार आहे. आणि तरी गोधडी, पातेली बांधून ते बोचकं पण दाराशी ठेवलंय. सकाळी सोडते, सांजच्याला परत बांधते.

मी म्हटलं, फोन कर पोरीला. तर म्हणते, "ती नको म्हणलीया. मी कोन्त्या तोंडानं बोलवू?" आणि तू म्हणतेस, आईनं एकदा तरी ये म्हटलं का? दोघींच्या मधे मी अशी येरझारा घालते की दारातली माती गुळगुळीत झाली. रस्त्यावर टेम्पो वाजला की वाटतं आला कल्याण. गुरुवारी ती गाडीत बसली तर तुझं बाळ येईल तेव्हा ती खरंच फडात असेल. मग तू म्हणाली होतीस तेच खरं ठरेल, आणि ते तुला जन्मभर पुरेल. मला ते नको आहे.

तिची दया कर असं मी म्हणत नाही. ती तुला टाकून जायची, तुझा राग खोटा नाही. एवढंच लक्षात ठेव, की टोळीतल्या बाकीच्या बायका पोरांना बरोबर न्यायच्या. ती पोरं फडात उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या बांधत बसायची, त्यांतलं एक तरी आज दवाखान्यात रक्त तपासतंय का सांग. तुला शाळेसाठी मागं ठेवायची हे तुझ्या बापानं नाही ठरवलं आणि मीही नाही. मी तर म्हटलं होतं, घेऊन जा, मला म्हातारीला कुठं झेपतंय. तिनं ऐकलं नाही. माझ्यापुढं तिचं चाललं ते तेवढं एकदाच. तर राग धर. पण माहेरी येऊन धर. मागच्या खोलीत पाय पसरून, शेगडीचा शेक घेत, तिच्या हातचं खात चांगला सव्वा महिना राग धर. लांबून धरलेला राग काही कामाचा नसतो.

आता शेवटचं. मी तिसरीतून शाळा सोडली, मला सही करायला अर्धा दिवस लागतो, हे तुला माहीत आहे. मग एवढं सगळं लिहिलं कुणी, असं तुझ्या मनात आलंच असेल. तुझी आई सातवी पास आहे. तिचं अक्षर तू कधी पाहिलं नाहीस, कारण तुझ्या शाळेच्या कागदांवर सह्या मी केल्या. काल दुपारपासून तिला समोर बसवून मी बोलतेय आणि ती लिहितेय. स्वतःला घुमी पण तिनंच लिहिलंय, मी एक शब्द गाळू दिलेला नाही. झुंबूची गोष्ट तिला काल पहिल्यांदा कळली. पट्टा पडला की यायची हाय, हे लिहिलं आणि तिचा हात थांबला. मला विचारते, "अशी म्हनायची ती?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, म्हणणारी नगरला आहे, तिला विचार. मग ती उठून गेली, बऱ्याच वेळानं आली, आणि म्हणाली, "सांगा पुढं." तेव्हा हे पत्र जेवढं तुला आहे तेवढंच तिला आहे. तोंडावर सांगितलं असतं तर एक भांडी घासायला बसली असती आणि दुसरीची रेंज गेली असती. माझं बोलून झालं. खाली जागा सोडायला सांगितलीय. तिथं ती काय लिहील ते मी विचारणार नाही. मी कोंबड्या बघायला जाते.

तुझीच, तोंडानं वाईट,
छबूआजी

धने, गुरुवारची गाडी मी सोडली. शुक्रवारी पहिल्या एष्टीनं तुला न्यायला येऊ का?
आई