कट्ट्यावरचं घरी न्यायचं नाही

७ जानेवारी
दळण घेऊन येत होते. चाळीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला नवा फ्लेक्स. वाचायची सवय लागल्यापासून रस्त्यावरचं काही न वाचता पुढं जाता येत नाही. थांबले, वाचला. ह्यांचा फोटो, वर 'प्रथम पुण्यस्मरण'. हे जाऊन उद्या वर्ष. घरी विचारायला कुणी आलं नव्हतं.
फोटो इंदापूरच्या लग्नातला. त्यात ह्यांच्या शेजारी मी उभी होते. मला कापून काढलंय, तेही धड नाही. माझा खांदा राहिलाय, हिरव्या साडीतला. खाली बबनभाऊ आणि शिवाजीभाऊ, दोघं गॉगल लावून. 'शोकाकुल: जिवाभावाचे मित्र.'
माझं नाव कुठंच नाही.

८ जानेवारी
वर्षश्राद्ध झालं. मुलगा पुण्याहून आला, जेवून परत गेला, सुट्टी नाही म्हणे. ते दोघं पहिल्या पंगतीला. बबनभाऊंनी खीर दोनदा घेतली. वाढताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांना वाटलं, रडू आवरतेय.
पाहुण्यांदेखत बोलले नाही. उद्या बोलणार.

९ जानेवारी
कट्ट्यावर गेले. पाण्याच्या टाकीखालच्या त्या कट्ट्यावर बाई थांबत नाही, त्यामुळं दोघं उठूनच उभे राहिले. हे तिघं अर्ध्या चड्डीत असल्यापासून तिथं बसतात. तिघांचे बाप साखर कारखान्यात, पुढं हे नि बबनभाऊही कारखान्यातच, शिवाजीभाऊंनी तेवढा टेम्पो घेतला. जागा ठरलेल्या. हे टाकीला टेकून, शिवाजीभाऊ मधे, बबनभाऊ कडेला, तंबाखू थुंकायला सोपं म्हणून. टाकीकडची जागा वर्षभर मोकळी ठेवलीय. तिथं पोरगं जरी टेकलं तरी हाकलतात.
विचारलं, "मला का कापलं?"
बबनभाऊ म्हणाले, "वैनी, तुमी जित्या हाय. जित्या माणसाचा फोटो पुण्यस्मरणावर कसा लावायचा?"
"मग खालचे दोघं काय मेलेत व्हय? गॉगल लावून?"
शिवाजीभाऊ खाली बघून हसले. बबनभाऊंना ते लागलं. ह्यांना ते वश्याच म्हणत.
"वश्याचं समदं आमालाच ठावं. छातीत दुखायचं तवाबी आमालाच…"
आणि तंबाखू थुंकायला वळले.
मी तिथून हलले नाही. शेवटी शिवाजीभाऊंनी सांगितलं. गणपतीपासून दुखत होतं. बोलता बोलता मधेच थांबायचे, छाती चोळायचे. म्हणायचे, घरी बोलू नका, तिची झोप उडंल.
"आणि तुमी बोलला न्हाय."
"कट्ट्यावरचं घरी न्यायचं न्हाय, वैनी. ल्हानपणापासून हाय ते."

१० जानेवारी
जेवण तसंच झाकून ठेवलं.
तो नियम मला माहीत आहे. ह्यांनीच सांगितला होता, लग्नानंतर, मोठ्या कौतुकानं. कुणाचा बाप पिऊन आला, कुणी मार खाल्ला, कुणाकडं चूल पेटली नाही, ते एकमेकांना सांगायचं, पण चाळीत फुटू द्यायचं नाही. पोरांनी अब्रू झाकायला केलेला नियम. मलाही तेव्हा चांगला वाटला होता.
आता साठी आली. कुणाचा बाप राहिलाय मारायला?
वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते, झटका एकदम आला, आधी काहीच त्रास नव्हता. डॉक्टरांना सांगितलं, पोराला, कन्हेरीच्या नणंदेला. समाचाराला आलेल्या प्रत्येकाला. आणि हे दोघं समोर सतरंजीवर बसून माना हलवत होते.

११ जानेवारी
ह्यांच्यावरही राग आहे. तो कुणापुढं काढायचा? फोटोपुढं बोलून बघितलं. मनाला बरं वाटलं नाही.
वाचनालयाचं पुस्तक परत द्यायचं आहे. एकच पान रोज वाचतेय.

१४ जानेवारी
बबनभाऊंच्या बायकोनं तिळगूळ पाठवला. डबा तसाच परत केला. तिचा काय दोष. तरी केला.

१७ जानेवारी
शिवाजीभाऊ आले, फ्लेक्स गुंडाळून काखेत. निमगाव केतकीहून भाजीचा टेम्पो बारामतीला खाली करून थेट इकडं.
"उतरवला, वैनी. बबन वरडत हुता. वरडू दे. आता राग सोडा."
पाणी दिलं. पेला तोंडाला लावेनात. थंडीत कपाळावर घाम, डावा हात खांद्यापासून दाबत होते.
"काय होतंय?"
"गॅस हाय."
"कधीपासनं?"
पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "दिवाळीपासनं. लताला बोलू नका. पोरीची सोयरीक चाललीया, उगं घाबरंल."
माझ्या घरात बसून. त्या फोटोखाली.
"मी कट्ट्यावरची न्हाय, शिवाजीभाऊ."
चपला घातल्या. मागून म्हणाले, "वैनी, तुमाला वश्याची शपथ हाय."
वळले नाही. त्यांच्या दारात गेले, त्यांची बायको लता पिठाच्या हातानंच बाहेर आली. अंगणात उभं राहून सगळं सांगितलं, शेजारी ऐकत असताना. शेजाऱ्याची गाडी काढली, बारामतीला नेलं. गाडीत बसताना शिवाजीभाऊंनी माझ्याकडं बघितलं नाही.

१८ जानेवारी
दवाखान्यात ठेवून घेतलंय. उद्या शिरेतून तार घालून हृदय बघणार.
बबनभाऊ नळावर भेटले.
"तुमी आमचं मोडलं, वैनी."
"मोडलं. तुमच्या छातीत काय असलं तर आत्ताच सांगा, तुमच्या घरीबी जाऊन येते."
हसले नाहीत. चालते झाले.
घरी आल्यावर दार लावून घेतलं. शिवाजीभाऊंना काही झालं तर चाळ म्हणेल, बाईनं गावभर केलं, धसक्यानं गेला. म्हणोत. मी आणखी एकदा सतरंजीवर बसून मान हलवणार नाही.

१९ जानेवारी
दुपारी तार घालायला आत नेलं, असं लताची पोरगी फोनवर म्हणाली. पुढचं बबनकाकांना कळवते म्हणाली.
उन्हं उतरल्यावर कट्ट्यावर गेले. बबनभाऊ एकटेच कडेला, शेजारी दोन जागा मोकळ्या. मी टाकीला टेकून बसले.
"वैनी, ती वश्याची जागा हाय."
"म्हणूनच बसले."
त्यांनी तंबाखूची पुडी काढली, परत खिशात ठेवली. म्हणाले, "मी त्याला म्हनलं हुतं, वैनीला सांग म्हनून. दोनदा म्हनलं." दोनदा ह्यांना म्हणण्यापेक्षा एकदा मला…
त्या जागेवरून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी सरळ दिसते. ओटा, फळीवरचे डबे, सगळं. इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. म्हणजे छाती चोळत हे मला बघत बसायचे. मी इथं भाकरी थापत असणार.
तिथं बसवेना. उठून घरी आले. खिडकी उघडी ठेवून ओट्यापाशीच लिहितेय.
बबनभाऊ अजून तिथंच आहेत, फोन मांडीवर.
आत्ता उठले. फोन कानाला आहे, दवाखान्यातलाच असणार. पाठ माझ्याकडं. बोलत नाहीत, नुसतं ऐकतायत.
इकडं वळत का नाहीत.