मागची लिफ्ट बंद आहे

२ जून
आजपासून रोजनिशी. पुढे मोठ्या पदावर गेल्यावर आठवणी लिहाव्या लागतील, तेव्हा शोधाशोध नको.

साल्वादोर शहरात लिफ्टचं काम माझ्याइतकं बारकाईने करणारा दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, काम म्हणतं. शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळं भंगारातल्या मोटारी उघडून आणि जर्मन कॅटलॉगातली चित्रं बघून.

कंपनीत मुख्य तंत्रज्ञाची जागा निघाली आहे. अनुभव हवा: आहे. ज्ञान हवं: भरपूर. 'व्यक्तिमत्त्व आकर्षक हवं': हे जरा बघावं लागेल. दालव्हानिराला वाचून दाखवलं. लग्नाची बायको, पण म्हणते काय, "वाल्दो, ते रंगाबद्दल बोलतायत." हिला जिथे तिथे रंगच दिसतो. मिशीबद्दल असणार.

३ जून
मिशी काढली. खालची कातडी उरलेल्या चेहऱ्यापेक्षा फिकी निघाली. दालव्हानिरा म्हणाली, "चला, तेवढ्या भागाला तरी नोकरी मिळेल."
दुर्लक्ष केलं.

५ जून
कास्सियोचा पगार कळला. त्यानेच सांगितला, अगदी निरागसपणे. माणूस देशाच्या दक्षिणेकडचा, युरोपातून आलेल्यांच्या मुलखातला, तिशीचा, गोरापान. मार्चपासून माझ्या हाताखाली आहे. पाना आणि पक्कड यांत अजून गोंधळतो. पगार माझ्या दीडपट.

दालव्हानिराने पातेलं आपटलं. "शिकवणार तू, आणि पैसे त्याला?" शांतपणे विचार केला. उत्तर सरळ आहे. मला शिकवायला काहीच कष्ट पडत नाहीत, त्याला शिकायला फार पडतात. पगार कष्टाचाच मिळतो. हे तिला समजावलं, तर तिने माझ्या वाटणीचा उरलेला मक्याचा कुसकुस शेजारणीला देऊन टाकला.

९ जून
कंपनीचं ऑफिस अकराव्या मजल्यावर आहे, आणि त्या इमारतीच्या दोन्ही लिफ्ट माझ्याकडे. पुढची: आरसा, पितळी कठडा, रहिवासी, साहेबलोक. मागची: मोलकरणी, कचरा, कुत्री, गॅसची टाकी. पुढच्या लिफ्टबाहेर पाटी आहे की वर्ण किंवा हुद्दा पाहून कुणालाही लिफ्ट नाकारणं हा गुन्हा आहे. ती मीच बसवली, स्पिरिट लेव्हल लावून. केसभरही तिरकी नाही.

आज पुढच्या लिफ्टमध्ये उभा राहून ब्रेक तपासत होतो. सातव्या मजल्यावरच्या एउलिनाबाई आल्या. म्हणाल्या, "तुमची लिफ्ट मागे आहे." म्हटलं, "बाई, ही दुरुस्त होतेय." "मग मागे जाऊन दुरुस्त करा!" बायकांशी मी हुज्जत घालत नाही. उतरलो. त्या चढल्या. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकल्या.

मशीनघरात पळालो, चाक हाताने फिरवून त्यांना खाली आणलं. खाली कास्सियो टॉर्च धरून उभा होता. बाईंनी त्याचेच हात धरले, "बाळा, तू होतास म्हणून वाचले!" लगेच वर ऑफिसात जाऊन आमच्या मोठ्या साहेबांकडे, ओताव्हियो साहेबांकडे, त्याची तारीफ केली.
चांगलंच झालं. शिष्याचं कौतुक ते गुरूचंच, फक्त वळसा घेऊन येतं.

१३ जून
मुलाखत २० तारखेला. सूट घेतला, क्रीम रंगाचा. दालव्हानिरा म्हणाली, "आइस्क्रीमची गाडी कुठे लावलीस?" मग न सांगता इस्त्री मात्र करून ठेवली. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण या जागेवर अडलं आहे, म्हणून पहिल्यांदा पगाराचंच बोल, असं बजावते आहे.
संकल्प: पगाराचं बोलायचं नाही. मोठी माणसं बोलत नाहीत.

२० जून, सकाळ
मागच्या लिफ्टचा दरवाजा उंबऱ्याशी किंचित घासतोय. दुसरा कुणी म्हणाला असता, उद्या बघू. पण मी मुख्य तंत्रज्ञ होणार आहे. लिफ्ट बंद केली, दरवाजा उतरवला, 'लिफ्ट बंद'ची पाटी लटकवली. मुलाखत झाली की बसवेन. आता सूट चढवतो.

२० जून, दुपार
इमारतीच्या दारावर वॉचमन आदेमीर होता. रोज माझ्या थर्मासमधली कॉफी पितो, माझ्याहून दोन छटा काळा. म्हणाला, "कोणाचे ड्रायव्हर?" म्हटलं, "आदेमीर, मी आहे!" त्याने निरखून पाहिलं. "वाल्दो? मिशी कुठे गेली रे? मग तर मागूनच जा, बाबा."

पुढच्या लिफ्टबाहेरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "पाटी झकास बसवलीयस, मान्य. पण नोकरी माझी जाईल." म्हटलं, मागची बंद आहे. "कोणी केली बंद?" "मी."

जिना होता. पण लिफ्टचा माणूस जिन्याने मुलाखतीला गेला तर धंद्याची अब्रू काय राहिली?

आदेमीर म्हणाला, "थांब, लिफ्टवाल्याला बोलावतो." त्याने ऑफिसला फोन लावला. ऑफिसने ड्यूटीवरच्या माणसाला लावला. माझा खिसा वाजला. "मागच्या लिफ्टपाशी कोणी सूटवाला खोळंबलाय, ताबडतोब जा."
"आलोच," म्हटलं.

सूटमध्येच गुडघे टेकले. दरवाजा बसवला. आता लोण्यासारखा सरकतो. वर पोचलो तर केक कापत होते. कास्सियो पुढच्या लिफ्टने वेळेवर आला होता. केकवर त्याचं नाव, साखरेच्या अक्षरांत. इतक्या झटपट नाव घालून देणारी बेकरी कोणती, ते विचारायला हवं.

ओताव्हियो साहेबांनी माझ्या गुडघ्यांवरचं ग्रीस पाहिलं. म्हणाले, "तू कामातच शोभतोस, वाल्दो. तुझ्याशिवाय आमचं कसं होणार?" इतकं उघड कौतुक इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

घरी दालव्हानिराने पँट भिजत घातली.

२५ जून
जूनच्या सणाची सुट्टी संपली. अंगाला अजून सणाच्या शेकोट्यांच्या धुराचा वास. नव्या साहेबांपुढे, म्हणजे कास्सियोपुढे, पहिलं काम आलं: २० तारखेला ड्यूटीच्या वेळेत लिफ्ट बंद ठेवल्याबद्दल माझा अर्धा दिवस कापायचा. बिचाऱ्याला नोटीस लिहिता येईना. मागच्या लिफ्टने खाली आला, म्हणाला, "मास्तर, जरा सांगता का?"

मी सांगितली. समास सोडायला लावला, दोन चुका सुधारल्या. सही त्याची. कारणाच्या ओळीत काय घालू, म्हणाला. म्हटलं, लिही: मागची लिफ्ट बंद होती.

पुढची चालू होती. तेवढं लिहायला त्या ओळीत जागा नव्हती.