पाहुणे घडी घालत नाहीत

आई, तळ्याकाठी चार दिवस निवांत राहायला कसं जायचं, हे तुला विचारायचं आहे. तू स्वतः कधी कुठे राहायला गेली नाहीस, हे मला माहीत आहे. पण राहायला आलेली माणसं तुझ्याइतकी जवळून कुणी पाहिली असतील असं वाटत नाही. ती कशी उठतात, टॉवेल कुठे टाकतात, निघताना मागे वळून बघतात की नाही, हे सगळं तुला ठाऊक होतं. म्हणून तुलाच विचारते. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली, आणि मी अजून असल्या गोष्टी तुलाच विचारते.

तुझ्या जावयाने भंडारदऱ्याला तळ्याच्या काठावर एक लहानसं हॉटेल बघून ठेवलंय. तू त्याला पाहिलं नाहीस. शांत माणूस आहे, मोठ्याने हसतो, माझ्यासारखा दार दोनदा ओढून बघत नाही. हॉटेलवाल्याला आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. "तू ठरव," तो म्हणाला, "पण या वेळी निवांत हं. मुलांना पाण्याकाठी बसू दे, काही करायचं नाही." मी ही वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहायला लागले. सकाळी सहाला निघणे. कसाऱ्याच्या घाटात धाकट्याला उलटी होणार, म्हणून लिंबू, पिशव्या आणि त्याचे दोन जोड कपडे वरच्या बॅगेत. घोटीला नाश्ता. दुपारी मुलांची झोप. चार ते पाच, तळ्याकाठी निवांत बसणे. त्याने मागून वाकून वाचलं. "निवांत बसायला एक तास दिलास? आणि पाचला काय, शिट्टी वाजणार?" असं म्हणून तो इतका हसला की मुलगी धावत आली, काय झालं म्हणून. मीही हसले. मग त्याने विचारलं, "आणि हे शेवटच्या दिवसाचं पान कोरं का?" मी म्हटलं, लिहिते. ते पान अजून कोरं आहे. त्याच्या पुढच्या पानावर हे तुला लिहिते आहे.

मी सात वर्षांची आहे. मे महिना, सीझन, आणि तू मला पहिल्यांदा बरोबर घेऊन माथेरानला कामावर निघाली आहेस, चौकच्या बाजूच्या पायवाटेने, उजाडायच्या आत. वर पोचेपर्यंत माझे पाय लाल मातीने माखलेले. हॉटेलच्या मागच्या नळावर तू ते घासून धुतेस, माझ्या चपला भिंतीपाशी ठेवतेस आणि मला अनवाणी आत नेतेस. तू खोलीत चादर अंथरतेस ती मी दारातून बघते. एक झटका, चादर वर फुगते, खाली येते, आणि तुझा तळहात तिच्यावरून असा फिरतो की एक सुरकुती राहत नाही. तू मोरीत वळलीस आणि मी जाऊन त्या गादीच्या कडेला बसले. नुसती बसले. तू बाहेर आलीस, मला दंडाला धरून उठवलंस आणि म्हणालीस, "बसायचं तर खाली बस. ही पाहुण्यांची हाय. तुझी नाय, माझी नाय." मग आख्खी चादर काढून पुन्हा अंथरलीस. माझ्या बसण्याने पडलेला खळगा एवढासा होता, हाताने सारखा झाला असता. पण तू पुन्हा अंथरलीस. तुझ्या ओरडण्याचं मला काही वाटलं नव्हतं. त्या पुन्हा अंथरण्याचं वाटलं.

घडी तू मला घरी शिकवलीस, आपल्या स्वयंपाकाच्या खोलीत, चुलीपासून लांब, हॉटेलने टाकून दिलेल्या एका विरलेल्या चादरीवर. काठ आत, शिवण आत, आधी लांबीने, मग रुंदीने, आणि शेवटी दोन्ही हातांनी दाब. "डाग असंल तर तो आत घ्यायचा गं," तू सांगायचीस. "वापरलेली चादर घेऊन आपण पाहुण्यांसमोरून जातो. कुणाचा डाग कुणाच्या नजरंस पडू नये." मी पाचवीत होते. आपल्या घरात शाळेत गेलेली पहिली मी, त्यामुळे मला काय शिकवायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुला येत होतं ते तू दिलंस. मी दहावी पास झाले त्या दिवशी तू तीच चादर धुऊन आणलीस, माझ्या चटईवर अंथरलीस, कोपरे चारही बाजूंनी ताणून आत खोचलेस, हॉटेलात करायचीस तशी. म्हणालीस, "झोप. आज तू पाहुणी." माझी मार्कशीट हातात उलटी धरून तू शेजारी बसली होतीस. मी झोपले, पण अगदी कडेला, चुरगळू नये म्हणून. तू म्हणालीस, "मधी सरक ना गं." मी सरकले नाही. तुला ते लागलं असेल, हे मला आता कळतं.

आता ते कोरं पान. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक रात्र खालापूरकडच्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. जवळच, इथून पाऊण तास. मुलांचं पहिलंच हॉटेल, आणि खरं तर माझंही, म्हणजे पुढच्या दाराने. सकाळी सगळे उठायच्या आत मी मोरी धुतली, आरसा पुसला, केर कागदात बांधला. मुलं उठल्यावर दोन्ही गाद्यांवरच्या चादरी काढल्या, उशांचे अभ्रे काढले आणि सगळ्याची घडी घालून गादीवर ठेवली. तुझा जावई म्हणाला, "अगं, ते करतात की." मी म्हटलं, जड असतं रे ते, पंधरा-पंधरा खोल्या असतात एकीला. धाकट्याने रात्री चादरीवर केळं कुस्करलं होतं. तो डाग मी आत घेतला. घडी इतकी बरोबर बसली की मी क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मला बरं वाटलं, आई. कुणाचंतरी एक काम वाचवलं असं वाटलं.

आम्ही निघालो, रस्त्यात नाश्ता केला, आणि मुलीची पाण्याची बाटली खोलीत राहिल्याचं लक्षात आलं. परत जाईपर्यंत दीड तास झाला असेल. हे लोक गाडीत थांबले, मी एकटी आत गेले. आमच्या खोलीच्या दारात एक नवं कुटुंब बॅगांसकट उभं होतं. आत टाय लावलेला एक तरुण सुपरवायझर चादरीचं टोक हातात धरून उभा. त्यावर केळ्याचा डाग, वाळून काळपट झालेला. समोर एक बाई, तुझ्या शेवटच्या वर्षांतल्या वयाची, पदर खोचलेली.

"मावशी, धुतलेली कुठली अन् वापरलेली कुठली एवढं कळत नाही तुम्हाला?"

"घडी केलेली होती साहेब. गादी मोकळी, अन् वर घडी. मला वाटलं आपलीच ठेवलेली हाय."

"कुणी ठेवली?"

"आता काय सांगू. आपल्या घडीसारखी घडी."

"मग काय गेस्टने घातली? गेस्ट कधी चादरीची घडी घालतो का? काहीपण सांगता."

मला सगळं एका क्षणात कळलं. एक बाई पुढे जाऊन खोल्याखोल्यांत धुतलेल्या चादरी ठेवते, दुसरी मागून येऊन अंथरते. तुमच्याकडेही असंच चालायचं. तू सांगितलं होतंस, आणि मला आठवायला हवं होतं. माझ्या घडीने तिला फसवलं. तू शिकवलेल्या घडीने. आणि मी दारात उभी होते. "ती मी घातली," एवढे तीन शब्द. मी कामाला आहे त्या लॅबमध्ये मी रक्ताच्या नळीवरचं नाव दोनदा वाचते, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचते, कुणाचं कुणाला जाऊ नये म्हणून. तिथे माझं तिला गेलं आणि माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. का फुटला नाही, हे मी वर्षभर शोधते आहे. भीती म्हणावी तर कशाची? तो पोरगा मला 'मॅडम' म्हणाला असता. हसला असता फार तर. तो चादर खाली टाकून निघून गेला, नवी माणसं रिसेप्शनकडे गेली, तिने टेबलावरची बाटली माझ्या हातात दिली, आणि मी गाडीत येऊन बसले. "मिळाली?" तुझ्या जावयाने विचारलं. मी म्हटलं, मिळाली. बाकीचं मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.

म्हणून ते पान कोरं आहे. घडी घातली तर पुन्हा कुणाला बोलणी बसतील. नाही घातली, चादर तशीच गोळा करून सोडली, तर ती वेचणाऱ्या बाईच्या जागी मला तूच दिसशील. सोपं आहे, कुणीही सांगेल, तशीच टाकून ये. मला जमत नाही. मी घरी प्रयत्न करून पाहिला, हसू नकोस. सकाळी चादर चुरगळून गादीवर टाकली आणि कामावर गेले. दुपारी फोन करून शेजारच्या काकूंना सांगितलं, जरा आत जाऊन बघता का, गॅस बंद आहे ना. चादरीचं कसं विचारणार? गॅस बंदच होता. संध्याकाळी आले तर मुलीने चादरीची घडी घालून ठेवली होती. काठ आत, शिवण आत. मी तिला कधी शिकवली नाही. बघून शिकली.

आणि आज दुपारी तीच माझ्याशेजारी येऊन बसली, तळ्याच्या हॉटेलचे फोटो बघत. म्हणाली, "आई, मी यावेळी पण कडेलाच झोपणार."

मी विचारलं, "कडेला का गं?"

"मागच्या वेळी झोपले होते ना. तिथली चादर कमी चुरगळते कडेला झोपलं की." मग थोडं थांबून, "छोट्याला सांग, तो उड्या मारतो. त्याला कोण ओरडेल तिथे?"

"कुणी नाही ओरडणार."

"तू?"

मी पुढचा फोटो दाखवला. सहा वर्षांची आहे, आई. तिला कुणी कधी दंडाला धरून उठवलेलं नाही. तिची आजी हॉटेलात रूमवर काम करायची हे तिला माहीत आहे, पण ते तिला गोष्टीसारखं माहीत आहे, डोंगर, घोडे, छोटी गाडी. हे कडेला झोपणं तिच्यात कुठून आलं ते विचारायला दुसरीकडे जायची गरज नाही. 'मध्ये सरक ना गं' हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं नाही, कारण ती सरकणार नाही हे मला माहीत होतं, आणि तिने न सरकणं मला बघवलं नसतं.

मघाशी तुझ्या जावयाने बाहेरून हाक मारली, "अगं, हॉटेलवाल्याचा फोन आलाय, काय सांगू?" मी म्हटलं, हो सांग. ठरवून म्हटलं असं नाही. त्याने विचारलं आणि मी हो म्हणाले. न जाऊन ती मुलगी गादीच्या मध्ये येणार नाही, एवढंच कळतं. गेल्यावर तरी येईल का, ते कळत नाही. शेवटच्या दिवशी सकाळी मी त्या खोलीत काय करीन तेही कळत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढा इचार कशाला करतीस गं. आणि मग स्वतः पुन्हा अंथरली असतीस.

हे कुठे धाडायचं नाही. वही परत प्रवासाच्याच कामाला लागेल, मागे सामानाची यादी यायची आहे. पण एक गोष्ट मी वर गाळली, आणि ती गाळून हे पान उलटवत नाही. त्या बाईला कळलं होतं. बाटली देताना तिने माझ्या हातांकडे बघितलं. चिडली नव्हती. हळूच, बाहेर गेलेल्या साहेबाला ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात म्हणाली, "घडी तुमीच घातली ना? अशी घडी आमच्यातल्यांनाच येती. कुठं शिकलात?"

तुझं नाव घ्यायला तेवढी एकच जागा होती. मी म्हणाले, "यूट्यूबवर बघून."

"चांगलं शिकवतात की," ती म्हणाली. आणि मी मान डोलावली.