दुकानातल्या मिठाचा समुद्र

मोहोपाडा, ता. खालापूर, जि. कुलाबा
२२ फेब्रुवारी १९७६

ती. मोतीताईच्या पायांवर धाकट्या नामाचं डोकं. दाजींची कंबर कशी आहे ते कळव. मागे पाठवलेलं निर्गुडीचं तेल चोळायला होतं, ते त्यांनी सायकलच्या साखळीला घातलं असं ऐकतो (सायकलची तरी कुरकुर थांबली का?). इकडे माणसं खुशाल आहेत. शिंपल्यातल्या तिसऱ्यांचं एका शब्दात सांगवत नाही, ते खाली सविस्तर लिहितो.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या लेकीला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून वैशाखातल्या लग्नाला तयार कर, असं तू लिहिलंस. पनवेलचं ते स्थळ मीच आणलेलं, आणि नवरीला मांडवात घेऊन यायचं तेही मामानंच, तेव्हा काम माझंच. ते मी चोख केलं आहे. फक्त मध्ये मीठ जरा जास्त पडलं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

जिजा पौषात इथे आली ती तुमच्या धरमतरच्या खाडीतल्या जिवंत तिसऱ्या बादलीत घालून. तुझ्या भावजयीनं, भागीनं, वाटण काढायला घेतलं, तेव्हा कळलं की त्या खायच्या नाहीत, त्यांच्यावर प्रबंध लिहून डॉक्टर व्हायचं आहे. मुंबईच्या नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यानं तिचे जीव मरतात. तुमच्या विहिरी मचूळ. निखळ गोडं पाणी मामाच्या विहिरीला (भाचीला मामा आठवला तो असा). माझ्या दुकानातल्या गोळ्या-बिस्किटांच्या अकरा बरण्या तिनं रिकाम्या करून घेतल्या. पहिलीत सगळं खारं पाणी, आणि पुढच्या प्रत्येकीत विहिरीचं थोडं थोडं जास्त. प्रत्येकीत चार तिसऱ्या. कुठली कधी तोंड उघडते आणि कधी मिटते, ते ही पोरगी घड्याळ लावून वहीत लिहिते. आपल्याकडे बायका शेजारणींवर इतकंच बारीक लक्ष ठेवतात, त्यांना कोणी पदवी देत नाही, असं मी तिला म्हणालोसुद्धा.

एकदा म्हटलं, एका वाक्यात सांग गं, बघतेस काय नक्की? तर म्हणाली, "मामा, पावसाळ्यात नदीचं पाणी उतरलं की खाडी गोडी होते. ज्याला पळून जाता येत नाही, तो खाऱ्यातला जीव गोड्यात रुळतो कसा, ते बघते." रुळतो! हा शब्द आपण फक्त सुनांसाठी राखून ठेवलेला. मी पोट धरून हसलो. भागी हसली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मात्र एके सकाळी दुकान झाडताना सहज वाकून पाहिलं आणि झाडू हातातच राहिला. तिसरी फटभर उघडी होती, आणि आतून दोन इवल्या नळ्या बाहेर. एकीनं पाणी आत, दुसरीनं बाहेर. एवढ्याशा जिवाचं न बोलता, न थकता चाललेलं! मला वाटायचं तिसरी म्हणजे कालवणात पडेपर्यंतचा दगड. पन्नास वर्षं खाल्ल्या गं, पण एकीकडेही धड पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सोनुबाई मोहरी न्यायला आली, तिलाही दाखवलं. तासभर बघत बसली आणि मोहरी न घेताच गेली.

आता मिठाचं. गेल्या सोमवारी जिजा तिच्या सरांना वह्या दाखवायला मुंबईला गेली. गजा दर सोमवारी पेणहून सुकी मासळी घेऊन येतो, त्याच्याच टेंपोत खारं पाणी येतं. ते आलं की बरण्यांतलं पाणी तिच्या कागदाप्रमाणे बदला, एवढंच तिनं सांगितलेलं. टेंपो वाटेत बसला. मी विचार केला, समुद्र म्हणजे काय? पाणी आणि मीठ. विहीर परसात, मिठाचं पोतं दुकानात. तुझ्याकडे आलो असताना खाडीत गटांगळी खाल्ली होती, ती चव आठवून आठवून मी समुद्र कालवला आणि अकराही बरण्यांत ओतला. संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस तिसऱ्या घट्ट मिटल्या.

मंगळवारी जिजा आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "मामा, किती मीठ घातलंत, ते तरी वजनात सांगा." आणि ताई, जन्मभर तराजू धरलेला मी, नेमकं तेच न तोलता घातलेलं! ती खाली बसली. म्हणाली, "मेल्या असतील तर संपलं. पुन्हा पहिल्यापासून करायला मला कोण वेळ देणार? आईला कळवा, वैशाखात बोहल्यावर उभी राहते."

म्हणजे तुझं काम झालंच होतं. चार गोष्टी सांगायचीही गरज उरली नव्हती. आणि तुझ्या या भावानं आत जाऊन देवापुढे दिवा लावला तो तिसऱ्या उघडाव्यात म्हणून. गजा टेंपो दुरुस्त करून पाणी घेऊन आला, जिजानं ते वाटीवाटीनं बदलायला घेतलं. बुधवार गेला तरी एकही उघडेना. मी म्हणालो, मेल्याच गं बहुतेक. तेव्हा भागी चुलीपासून बोलली, "तोंड मिटलंय म्हंजे मेल्या नाय. मी इथं आली तवा वरीसभर अशीच बसली व्हती. तुमाला वाटलं, बाय गरीब हाय."

भागी उरणच्या मिठागरावरची, हे मला ठाऊक नाही का? पण तीस वर्षं मी चारचौघांत सांगत आलो की आमची बायको चार दिवसांत रुळली. ती सांगत होती, इथलं गोडं पाणी घशाखाली उतरायचं नाही, म्हणून पोत्यातला मिठाचा खडा उचलून जिभेवर ठेवायची, आपल्या आईला कळू नये अशी. (त्या वर्षी मीठ कमी भरतंय म्हणून बाबा उंदरांना शिव्या घालायचे, आठवतं?) जिजा वही मिटून ऐकत होती. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी बरणीत बघत राहिलो.

तिसरी उघडली ती तिसऱ्या दिवशी. पहाटे जिजानं हळूच हाक मारली, "मामा, या." नवव्या बरणीत नखाएवढी फट, आणि फटीतून एक नळी भीत भीत बाहेर. ना डोळे, ना पळायला पाय, ना कुणाला सांगायला तोंड, तरी कधी मिटायचं आणि कधी पुन्हा विश्वास टाकायचा हे त्या जिवाला बरोबर कळतं! दुपारपर्यंत एक्केचाळीस उघडल्या. तीन गेल्या, त्या माझ्या हातानं गेल्या. जिजानं त्याही वहीत मांडल्या, कारणासह. माझं नाव तेवढं वगळलं आहे.

दाजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
नामा

ता. क. वर 'काम चोख केलं' असं लिहिलंय, ते शाईचं असल्यामुळे खोडत नाही. लग्नाचा विषय मी काढलेलाच नाही. पनवेलकरांना मात्र काल कळवलं, की प्रबंध पुरा होईपर्यंत दोन वर्षं थांबा. थांबले तर मामा नवरीला घेऊन येईल. नाही थांबले तर मामाकडे बरण्या आहेत. रागवायचं तर माझ्यावर रागाव, पोरीला काही लिहू नकोस.

ता. क. दुसरा. खरं काम हे. पुढच्या सोमवारी गजा दोन रिकामे कॅन घेऊन तुझ्या दारात येईल. ते तू स्वतः भरून दे, भरतीचं पाणी, ओहोटीचं गढूळ नको. गोडं पाणी मामाचं, खारं आईचं, अशा मिसळीवर तुझी लेक डॉक्टर होते आहे.

ता. क. तिसरा. कॅनच्या शेजारी बसून भागीही येते आहे. खाडी बघायची म्हणाली. तीस वर्षांत तिनं काही मागितलेलं मला आठवत नाही (मी ऐकलं नसेल). पाणी गजाबरोबर लगेच पाठव, भागीला नको. तिला पंधरा दिवस खाऱ्यात राहू दे, मग सावकाश पाठव. तोवर मी इथे तोंड मिटून बसतो.