दोष गिटारचाच

५ फेब्रुवारी, रविवार
गिटार आणली. लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवली. पुढच्या रविवारी तुला एक गाणं वाजवून दाखवतो म्हटलं. खूश झाली. म्हणाली, बरं झालं बाबा, दिवसभर नुसते भिंतीकडे बघत बसता. मी भिंतीकडे बघत नाही. आज मुद्दाम लक्ष ठेवलं, एकदाही बघितलं नाही.
संकल्प: रोज दोन तास सराव.

७ फेब्रुवारी, स. १०
बोटांची टोकं लाल. तारा इतक्या उंच की दाबायला पैलवान हवा. एकूण सराव अकरा मिनिटं. दोष गिटारचा.

१२ फेब्रुवारी, रविवार
लेकीने गाण्याचं विचारलं. वाद्य आधी नीट लावून घ्यावं लागतं, घाई करून चालत नाही, असं समजावलं. बरं, पुढच्या रविवारी, म्हणाली. सव्वीस मिनिटं बोललो.

१३ फेब्रुवारी
वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेलो. कारागिराने दांडीवरच्या बाराव्या आडव्या कडीवर, म्हणजे फ्रेटवर, मोजपट्टी धरली. तारा चार मिलिमीटर वर, अडीच पुरे. तारा टेकतात त्या घोडीतली पांढरी पट्टी खालून थोडी घासली की उतरतील, ठेवून जा म्हणाला. एवढ्याशा कामाला माणूस कशाला? मी तीस वर्षं ऑफिस चालवलंय. म्हणजे एक सेक्शन. पण ऑफिस त्याच्यावरच चालायचं.

१५ फेब्रुवारी
पट्टी काचकागदावर घासली. हात छान बसला, त्यामुळे थांबायचं राहून गेलं. आता तारा फ्रेटला टेकून झणझणतात. उपाय लगेच सुचला: पट्टीखाली माझं जुनं व्हिजिटिंग कार्ड घडी करून घातलं. रिटायर झालो तेव्हा चारशे उरली होती. फुकट नाही गेली.

१९ फेब्रुवारी, रविवार
काम तांत्रिक टप्प्यावर आहे, असं लेकीला सांगितलं. एकोणीस मिनिटं. त्यातली चार ती जावयाशी बोलत होती.

२१ फेब्रुवारी
झणझण थांबेना. पुन्हा दुकान. कारागिराने पट्टी उपसली, कार्ड उलगडून वाचलं. "साहेब, हे तुम्हीच का?" होतो, म्हटलं. हसला नाही. नवी पट्टी घालतो म्हणाला. मी तिथेच बाकावर बसलो. तो घासत होता, मी बोलत होतो. दोन तासांत सगळं सांगून झालं, ही गेल्याचंसुद्धा. मध्येच काम थांबवून त्याने चहा मागवला. फार बरं वाटलं. गिटार दुरुस्त होत होती म्हणून.

२५ फेब्रुवारी, शनिवार
गिटार मिळाली. करंगळीनेसुद्धा तार दबते. कारागीर म्हणाला, "आता हिच्यात काही दोष नाही. वर्षभर इकडे यायला नको." त्याला वाटलं, मी खूश होईन.
घरी येऊन सहा तास बसलो. एकच गाणं, तीन कॉर्ड. शेवटची ओळ चुकते, पण गाणं कुठलं ते कळतं. उद्या वाजवणार म्हणजे वाजवणार.

२६ फेब्रुवारी, रविवार
अर्धा तास आधीच गिटार मांडीवर घेऊन बसलो. फोन आला. गोळ्या घेता का, गॅस बंद करता का, सगळं विचारलं. पुढच्या रविवारी ते लोक बाहेरगावी आहेत, फोन जमणार नाही. गाण्याचं विचारलं नाही. विसरली. मीही विषय काढला नाही. कामात असते बिचारी. सात मिनिटं.
नंतर सबंध गाणं वाजवलं. एकही चूक नाही. बोटंही दुखली नाहीत.
तरी पाचव्या तारेत काहीतरी आहे. दुकान उद्या दहाला उघडतं.